नाटकाच्या चित्रीकरणासाठी एचडी कॅमेरा: एचडीव्ही, एव्हीसीएचडी आणि एक्सएव्हीसी एस यांची तुलना

नागपूरच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे वर्षाला दोन किंवा तीन प्रयोग होतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी महिनोन्‌महिने तालमी करून एखादे नाटक उभे राहते, एका संध्याकाळी त्याचा पडदा पडतो आणि पुष्कळदा ते पुन्हा कधीच रंगमंचावर येत नाही. त्या प्रयोगाचे जे काही मागे उरते ते चित्रीकरणातच उरते. म्हणूनच संस्थेने यंदा स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि निवडीचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी ते फार गांभीर्याने घेतले. बर्डीवरची दुकाने पाहिली, ओळखीच्या शूटिंगवाल्यांचे कॅमेरे हाताळले, काही भाड्याने आणून तालमीत चालवून पाहिले. नाटक, गाणे, नृत्य किंवा घरचे मोठे कार्य चित्रित करण्यासाठी कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांना या तुलनेचा उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘फुल एचडी हवा की फोर के’ हा. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा असला पाहिजे की, हा कॅमेरा चित्र कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहून ठेवतो आणि ते चित्र दहा वर्षांनी उघडता येईल का. कॅमेरा पाच-सात वर्षांत बदलतो. त्याने लिहून ठेवलेल्या फायली मात्र आपल्याकडेच राहतात. १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र म्हणजे फुल एचडी आणि ३८४० बाय २१६० बिंदूंचे म्हणजे फोर के, म्हणजे बरोबर चौपट बिंदू, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हे बिंदू किती दाबून, किती रंग गाळून आणि सेकंदाला किती चित्रे घेऊन साठवले जातात, यावर प्रत्यक्ष दर्जा ठरतो, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यावरून त्यांपैकी काहीच कळत नाही.

सुरुवात जुन्यापासून करतो, कारण आमच्या कपाटातही तेच आहे. एचडीव्ही हा फॉरमॅट २००३ मध्ये जेव्हीसी, सोनी, कॅनन आणि शार्प या कंपन्यांनी मिळून आणला. त्यातली हुशारी अशी की, लग्नाच्या शूटिंगमुळे घरोघरी पोहोचलेल्या त्याच मिनी डीव्ही कॅसेटवर, सेकंदाला त्याच २५ मेगाबिटमध्ये, एमपेग-२ पद्धतीने दाबून एचडी चित्र बसवले गेले. त्यासाठी १९२० ऐवजी १४४० उभ्या ओळींचेच बिंदू नोंदवले जातात आणि दाखवताना ते आडवे ताणले जातात. २००७ चा कॅननचा एचव्ही२० हा या घराण्यातला लहान पण फार चांगला हँडिकॅम. दिवसाच्या उजेडात त्याचे चित्र आजही डोळ्यांना सुखावते. तरीही आज कोणी स्वस्तात देऊ केला तरी एचडीव्ही कॅमेरा नव्या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तासाची कॅसेट संगणकात उतरवायला पूर्ण एक तास लागतो, आणि त्यासाठी लागणारे फायरवायरचे पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसते. शिवाय एचडीव्हीमध्ये एका पूर्ण चित्राच्या आधारावर पुढची अनेक चित्रे फक्त फरकाने नोंदवलेली असतात. त्यामुळे फितीवर एका जागी खराबी आली की साध्या डीव्हीप्रमाणे एखादी चौकट (फ्रेम) बिघडून भागत नाही, साधारण अर्ध्या सेकंदाचे चित्र गोठते किंवा तुटते. नाटकात अर्ध्या सेकंदात एक शब्द जातो, आणि कधी कधी तोच शब्द महत्त्वाचा असतो.

त्यानंतर आला एव्हीसीएचडी. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये तो जाहीर केला आणि त्यात एमपेग-२ च्या जागी एच.२६४ ही अधिक कार्यक्षम दाबपद्धती आली. मूळ फॉरमॅटची मर्यादा सेकंदाला २४ मेगाबिट होती. २०११ मध्ये त्यात सुधारणा होऊन २८ मेगाबिट आणि सेकंदाला पन्नास पूर्ण चौकटी, म्हणजे १०८०/५०पी, यांची सोय झाली. कॅसेट गेली, मेमरी कार्ड आले, आणि नागपुरातल्या लग्नसराईतही खांद्यावरचे मोठे कॅमेरे हळूहळू कार्डावर चालू लागले. या फॉरमॅटबद्दल मला आदर आहे. कमी जागेत तो खरोखर चांगले चित्र देतो आणि कोणताही साधा संगणक आज तो सहज चालवतो.

मात्र त्याची एक खोड खरेदीदाराने समजून घेतलीच पाहिजे. एव्हीसीएचडीचे चित्रीकरण म्हणजे एक फाइल नसते, ती फोल्डरांची पूर्ण रचना असते. प्रत्यक्ष चित्र आतल्या ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरात .एमटीएस फायलींच्या रूपात असते आणि त्या कशा जोडायच्या याची नोंद बाहेरच्या फोल्डरांत असते. चित्रीकरण लांबले की कॅमेरा ठरावीक आकारानंतर नवी फाइल सुरू करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रयोगाचे शूटिंग बाहेरच्या व्यावसायिकाकडून करून घेतले होते. त्याने फक्त .एमटीएस फायली उचलून पेन ड्राइव्हवर दिल्या आणि कार्ड पुसून टाकले. त्या फायली एकापुढे एक ठेवल्या तेव्हा प्रत्येक सांध्यावर आवाज क्षणभर तुटत होता, आणि एक सांधा नेमका दुसऱ्या अंकातल्या दीर्घ स्वगताच्या मध्यावर आला होता. ते दुरुस्त करायला आम्हाला काही उपाय सापडला नाही. म्हणून एव्हीसीएचडी कॅमेरा घेणाऱ्याने कार्डावरचे सर्व फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि सांधणीचे काम कॅमेऱ्यासोबतच्या किंवा ही रचना ओळखणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरकडून करून घ्यावे, हे मी आग्रहाने सांगतो.

सोनीचा एक्सएव्हीसी एस या दृष्टीने अधिक सरळ आहे. दाबपद्धती तीच एच.२६४, पण वेष्टन साध्या एमपी४ फाइलचे. फुल एचडीसाठी सेकंदाला ५० मेगाबिट आणि फोर केसाठी अनेक कॅमेऱ्यांत १०० मेगाबिट. आवाजही इथे न दाबलेल्या पीसीएम स्वरूपात राहतो, तर एचडीव्हीमध्ये तो एमपेग पद्धतीने आणि एव्हीसीएचडीमध्ये बहुधा डॉल्बी डिजिटल पद्धतीने दाबलेला असतो. नाटक आणि गाणे यांच्यासाठी हा फरक चित्राच्या फरकाइतकाच मोलाचा आहे.

हे आकडे घरगुती हिशेबात आणून पाहावेत. मेगाबिटला आठने भागले की मेगाबाइट मिळतात. त्यानुसार २८ मेगाबिटच्या एव्हीसीएचडीला तासाला सुमारे १२.६ जीबी, ५० मेगाबिटच्या एक्सएव्हीसी एसला २२.५ जीबी आणि १०० मेगाबिटच्या फोर केला ४५ जीबी जागा लागते. आमचे नाटक दोन तासांचे, त्यामुळे यांतला कोणताही पर्याय आम्हाला परवडतो. पण आमच्यापैकी दोघेजण झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचेही चित्रीकरण करू इच्छितात. वडसा आणि त्याच्या आसपासच्या गावांत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम रंगतो, प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सहा तास धरले तर एव्हीसीएचडीला सुमारे ७६ जीबी पुरतात, एक्सएव्हीसी एस फुल एचडीला १३५ जीबी लागतात आणि फोर केला तब्बल २७० जीबी. त्या चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या, हा नियम पाळला तर हंगामातल्या पाच-सहा नाटकांनंतर फोर केचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत दिसत नाही तो कुठे दडलेला असतो, ते लक्षात येते. कार्डही त्या लायकीचे हवे. कार्डावर ‘यू३’ किंवा ‘व्ही३०’ अशी खूण असेल तर ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकते. अनेक सोनी कॅमेरे १०० मेगाबिटच्या चित्रीकरणासाठी यू३ कार्डच मागतात आणि त्यांतल्या काहींत एक्सएव्हीसी एससाठी जुने ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी कार्ड चालत नाही.

आता ‘आय’ आणि ‘पी’ यांविषयी. १०८०/५०आय म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे, ज्यांत आळीपाळीने एकाआड एक ओळी असतात. जुन्या टीव्हीसाठी ही पद्धत योग्य होती. आजच्या सपाट पडद्यावर ती जुळवून दाखवावी लागते आणि वेगाने हलणाऱ्या वस्तूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. मारबतीच्या मिरवणुकीचे इतवारीतले एक जुने चित्रीकरण माझ्याकडे ५०आयमध्ये आहे. गर्दीतून पुढे सरकणारे बडगे (मिरवणुकीतले पुतळे), नाचणारे हात, उडणारा गुलाल, सगळीकडे त्या दातेरी कडा दिसतात. तीच मिरवणूक एका मित्राने ५०पीमध्ये चित्रित केली, तिच्यातली हालचाल स्वच्छ आणि प्रवाही आहे. २५पी चित्रपटासारखे दिसते म्हणून काहीजण ते निवडतात. पण कॅमेरा आडवा फिरवताना ते धक्के घेते आणि नृत्यासाठी मला ते मुळीच रुचले नाही. नवा कॅमेरा ५०पी देत नसेल तर तो घेऊ नये, इतके मी या बाबतीत ठाम म्हणेन.

याच संदर्भात परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यांविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण नागपुरातल्या अनेक घरांत अमेरिकेतला भाचा किंवा मुलगी येताना कॅमेरा घेऊन येते. तिकडचे बरेच हँडिकॅम सेकंदाला ६० किंवा ३० चौकटींवरच चालतात आणि ते बदलता येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची; त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिव्यांखाली अशा कॅमेऱ्याच्या चित्रात प्रकाश थरथरतो किंवा काळसर पट्टे वर-खाली सरकतात. शटर हाताने १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्याने हा दोष बराच आवरतो, पण साध्या हँडिकॅममध्ये ती सोय असेलच असे नाही. शिवाय दुसरा कॅमेरा इथला असेल तर ३० आणि २५ चौकटींची सांगड घालताना हालचाल अडखळते. किमतीतली बचत पाहून मोह होतो, हे मी समजू शकतो. तरीही रंगमंचाच्या कामासाठी ५० हर्ट्झवर चालणारा, इथल्या बिलाचा आणि इथल्या वॉरंटीचाच कॅमेरा घ्यावा.

रंगांचा प्रश्न नाटकवाल्यांना विशेष भेडसावतो. वरचे तिन्ही फॉरमॅट साधारणपणे ४:२:० पद्धतीने रंग साठवतात, म्हणजे उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची आणि रंगाची नोंद मात्र चार बिंदूंमागे एक. दिवाणखान्यात हे कळत नाही. पण लाल प्रकाशात लाल साडी नेसलेली पात्रे उभी राहिली की पदराच्या कडा चौकोनी होऊ लागतात. तसेच आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात आणि दहा बिटमध्ये १०२४. मागच्या पडद्यावर गडद निळ्यातून काळ्यात विरत जाणारा प्रकाश आठ बिटमध्ये पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना दिसतो. प्रकाशयोजनाकाराने तासन्‌तास खपून साधलेली ती विरघळ चित्रीकरणात अशी तुटलेली पाहून मला मनापासून वाईट वाटते. दहा बिट आणि ४:२:२ हवे असेल तर पॅनासॉनिकचा जीएच५ हा २०१७ चा कॅमेरा ते फोर केमध्ये कॅमेऱ्याच्या आतच नोंदवतो, त्याला वेळेची मर्यादा नाही आणि कार्डाच्या दोन खाचा आहेत. पण १५० मेगाबिटने तासाला ६७ जीबींहून अधिक जागा खर्च होते, आणि अंधारात त्याचा ऑटोफोकस चाचपडतो. ज्यांच्याकडे फोकस हाताने सांभाळणारा माणूस आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

आमच्यासमोर शेवटी चार पर्याय उरले. सोनीचा एचएक्सआर-एमसी२५०० हा खांद्यावरचा कॅमेरा लग्नाच्या शूटिंगमध्ये सर्वत्र दिसतो. तो एव्हीसीएचडीवर चालतो, खांद्यावर स्थिर बसतो आणि त्याचा दम पाहिला तर दीर्घ कामाला तो उत्तम आहे. मात्र त्याचा सेन्सर पाव इंची आहे. लग्नमंडपात हॅलोजनच्या झोतात तो निभावून नेतो. रंगमंचावर एकच मंद स्पॉट उरला की चित्रात दाणे दिसू लागतात. सोनीचा एफडीआर-एएक्स५३ हा लहान हँडिकॅम फोर के देतो, त्याचा २० पट ऑप्टिकल झूम सभागृहाच्या मागच्या रांगेतून चेहऱ्यापर्यंत पोहोचतो आणि हात हलला तरी त्याचे चित्र आश्चर्यकारक स्थिर राहते. घरच्या कार्यासाठी आणि पेंच-ताडोबाच्या सफारीसाठी मी कोणालाही तोच सुचवेन. पण त्याला व्यावसायिक माइक आणि मिक्सर जोडण्याची एक्सएलआर जोडणी नाही, आणि आमचे काम तिथेच अडते.

सोनीचाच झेडव्ही-ई१० हा लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा तरुण मंडळींचा लाडका आहे. त्याचा मोठा एपीएस-सी सेन्सर अंधारात सुंदर चित्र देतो, पण सेन्सर मोठा असल्याने फोकसची खोली कमी मिळते; पुढचे पात्र स्पष्ट आणि मागचे धूसर, असे चित्र मुलाखतीत शोभते, नाटकात मात्र मागे उभे असलेले पात्रही तितकेच बोलत असते. लांब झूमची लेन्स वेगळी घ्यावी लागते आणि कार्डाची खाच एकच. मिररलेस कॅमेऱ्यांबाबत उष्णतेचाही विचार करावा. एका मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उघड्या मंडपात भाड्याने आणलेला असाच एक कॅमेरा फोर केवर चालू ठेवला होता. अर्ध्या तासाच्या आतच तो तापल्याची सूचना देऊन बंद पडला आणि मंगलाष्टकांचा उत्तरार्ध एका नातेवाइकाच्या मोबाइलवरून घ्यावा लागला. मोबाइलमध्ये चौकटींचा वेग बहुधा बदलता असतो, त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज त्या चित्राशी जुळवताना हळूहळू घसरत गेला. विदर्भाच्या उन्हाळ्यात काम करायचे असेल तर दीर्घ चित्रीकरणासाठीच बांधलेला कॅमकॉर्डर बरा, या मतावर मी तेव्हापासून आलो आहे.

चौथा पर्याय सोनीचा एचएक्सआर-एनएक्स१००. एक इंची सेन्सर, म्हणजे एमसी२५०० च्या तुलनेत दहापटींहून अधिक क्षेत्रफळ. फुल एचडीमध्ये ५० मेगाबिटचा एक्सएव्हीसी एस, शिवाय एव्हीसीएचडीही. दोन कार्डे, ज्यांवर एकाच वेळी दोन प्रती लिहिता येतात. आणि दोन एक्सएलआर जोडण्या. या शेवटच्या सोयीसाठी मी पुष्कळ काही सोडायला तयार होतो. एका जोडणीत ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून आलेला आवाज आणि दुसरीत रंगमंचाच्या कडेला ठेवलेला माइक, असे दोन वेगळे चॅनेल मिळाले की संवादही स्पष्ट येतो आणि प्रेक्षकांचा हशा, टाळ्या, शांतताही येते. लेन्सवरचे अंगचे, उजेड कमी करणारे एनडी फिल्टर दुपारच्या उन्हात फार कामी येतात. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. झूम १२ पटच आहे आणि पूर्ण झूमवर लेन्सचे तोंड एफ४.५ पर्यंत आक्रसते, त्यामुळे मोठ्या सेन्सरचा काही फायदा तिथेच निघून जातो. फोर के नाही, दहा बिट नाही. फोर केमध्ये एकच रुंद दृश्य घेऊन नंतर त्यातून जवळची दृश्ये कापून घेण्याची सोय हवी असेल, आणि कॅमेऱ्यामागे बसायला माणूस नसेल, तर हा कॅमेरा घेऊ नये.

आमच्याकडे माणूस आहे, म्हणून आम्ही वापरलेला एनएक्स१०० घेतला. पाहणी करताना लेन्सचे झाकण लावून, गेन (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून दोन मिनिटे चित्रीकरण केले, म्हणजे सेन्सरवरचे जळके बिंदू काळ्या पार्श्वभूमीवर दिसतात. झूम दोन्ही टोकांना सावकाश नेऊन फोकस टिकतो का ते पाहिले, दोन्ही एक्सएलआर खाचांत वायर हलवून खरखर ऐकली, आणि आमचेच कार्ड घालून केलेले चित्रीकरण घरच्या संगणकावर आणि टीव्हीवर चालवून पाहिल्यावरच पैसे दिले. पहिल्या तालमीत ऑटो एक्स्पोजरवर चेहरे पांढरे पडले, कारण काळी पार्श्वभूमी पाहून कॅमेरा उजेड वाढवत होता. तेव्हापासून आयरिस, म्हणजे लेन्सचे तोंड, हाताने आणि शटर १/५० वर ठेवतो.

नव्या फोर के कॅमकॉर्डरच्या तुलनेत जे पैसे वाचले त्यांतून दोन हार्ड डिस्क घेतल्या आहेत. कपाटात एचडीव्हीच्या तेवीस कॅसेट आहेत, त्यांतल्या काही प्रयोगांतले कलावंत आज हयात नाहीत. एका जुन्या शूटिंगवाल्या स्नेह्याकडे चालू स्थितीतला एचडीव्ही कॅमेरा आणि फायरवायरचे पोर्ट असलेला जुना संगणक आहे. दर रविवारी दुपारी त्याच्याकडे जाऊन दोन कॅसेट उतरवायच्या, असे ठरले आहे, आणि आतापर्यंत सहा झाल्या आहेत.